सहाशेव्या क्रमांकावर घर चालतं का?

देवगडजवळच्या एका बागायतदार वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला, कोल्हापुरात मामाकडे राहून टेनिस खेळतो. ऐटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, अठरा वर्षांखालच्या क्रमवारीत पहिल्या साठात आहे. प्रशिक्षक म्हणतात, दोन वर्षं पूर्णवेळ द्या, पंचवीस लाखांची तयारी ठेवा, जगात पाचशे-सहाशेपर्यंत जाईल. वडिलांचा सवाल: तिथवर गेला तर त्याचं त्याला सुटतं का? तसं असेल तर हापूसची एक बाग विकायची त्यांची तयारी आहे. शेवटी जाता जाता एक ओळ, की धाकटी मुलगीही खेळते, तेरा वर्षांची आहे.

मी रत्नागिरीचा. खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा स्वतः खेळलो, आता मुलांना शिकवतो आणि अधूनमधून त्यांच्याबरोबर फिरतो. सरळ उत्तर आधी देतो. नाही, सुटत नाही. सहाशेव्याला तर नाहीच, चारशेव्यालाही बहुधा नाही. म्हणून मुलाने खेळूच नये असं माझं म्हणणं नाही. बाग मात्र विकू नका.

पुरुषांच्या उतरंडीत सगळ्यात खाली एम-१५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर. त्यातले ११,२५० एकेरीला, उरलेले दुहेरीला, आणि तेही जोडीत वाटून. एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये ३२ जण असतात. विजेत्याला २,१६० डॉलर, उपविजेत्याला १,२७२, उपांत्य फेरीत हरला तर ७५३, त्याच्या आधी हरला तर ४३८, एकच सामना जिंकला तर २५८ आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला तर १५६. डॉलर ८५ रुपयांचा धरा. पहिल्या फेरीचे सव्वातेरा हजार होतात. पाच सामने ओळीने जिंकून अख्खी स्पर्धा खिशात घातली तर एक लाख ८३ हजार, आणि त्यातूनही बहुतेक देशांत कर कापूनच हातात पडतात. मुख्य ड्रॉमध्ये थेट प्रवेश मिळाला नाही तर आधी पात्रता फेरी खेळायची. तिथे हरणाऱ्याला छदाम मिळत नाही.

तुम्ही वाशीला पेट्या पाठवता. भाडं, हमाली, अडत वजा होऊन पट्टी येते, तेव्हा खरा भाव कळतो. टेनिसचीही पट्टी मांडायला हवी, आणि ती आठवड्याची मांडायची, कारण या धंद्यात आठवडा हेच माप आहे. भारतातच स्पर्धा असेल तर रेल्वे किंवा बस, सहा-सात रात्रींची खोली, खाणं, प्रवेश फी, रॅकेटची तार, हे सगळं काटकसरीने केलं तरी पंचवीस-तीस हजारांच्या खाली येत नाही. परदेशात तीन-चार स्पर्धा एका दमात खेळल्या तर विमानभाडं वाटलं जातं, तरी आठवडा लाखाच्या आसपास पडतो. हा माझा अंदाज आहे, आणि तो प्रशिक्षक बरोबर न नेता. म्हणजे घरच्या मैदानावर सुद्धा दर आठवड्याला निदान दोन सामने जिंकले तरच हिशोब जेमतेम बरोबरीत येतो. ज्या ३२ जणांशी गाठ असते, त्यातल्या सोळांना पहिल्या फेरीतच जावं लागतं. तुमच्या मुलाने कितीही घाम गाळला तरी हे गणित बदलणार नाही.

हरण्यापेक्षा हरल्यानंतरचे दिवस महाग असतात, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. मुख्य ड्रॉ साधारण मंगळवारी सुरू होतो. मंगळवारी दुपारी मुलगा हरला. पुढची स्पर्धा पुढच्या सोमवारी, कदाचित त्याच गावात. परत यायचं तर दुप्पट भाडं, राहायचं तर सहा रात्रींची खोली. मग दोघं-तिघं मिळून एक खोली घेतात, आणि कधी कधी ज्याच्याकडून सकाळी हरलो तोच रात्री शेजारच्या पलंगावर असतो. बाथरूमच्या बादलीत मोजे आणि टी-शर्ट भिजवलेले, खिडकीच्या गजाला दोरी बांधून वाळत घातलेले, एकजण जमिनीवर फोम रोलरवर मांड्या रगडतोय, दुसरा मोबाईलवर पुढच्या महिन्याच्या स्वीकृती यादीत आपलं नाव वर सरकलं का ते बघतोय. कोपऱ्यात घडीचं तारयंत्र असलं तर तो मुलगा त्या आठवड्याचा सावकार. बाकीच्यांच्या रॅकेटी तोच तारतो आणि चार पैसे कमावतो.

तारेचंही सांगून टाकतो, कारण पालक हा खर्च धरतच नाहीत. पॉलिएस्टर तारेचं एक रीळ २०० मीटरचं. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागते, म्हणजे एका रिळात सोळा रॅकेटी. जोरात टॉपस्पिन मारणारा मुलगा आठवड्याला तीन-चार वेळा तार बदलतो, कारण तुटली नाही तरी तिचा ताण उतरतो. वर आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा: चेंडू फुगतो, जड होतो, मूठ घामाने निसटते, ग्रिप दर दोन दिवसांनी बदलावी लागते. आपल्याकडे मुलगा जिंकून आला की सत्कार दणक्यात होतो. शाल, श्रीफळ, स्टँडवर बॅनर, मुंबईकर मंडळाचं स्मृतिचिन्ह. घरात शाली साठतात, तारेचं रीळ कोणी देत नाही.

आता गुणांकडे. एम-१५ जिंकली की १५ गुण. उपविजेत्याला ८, मग ४, २, आणि एक सामना जिंकला तर १. पहिल्या फेरीत हरला तर शून्य. हे गुण ५२ आठवड्यांनी गळतात, म्हणजे मागच्या वर्षी या आठवड्यात मिळवलेलं यंदा परत मिळवलं नाही तर क्रमांक घसरतो. दुखापतीला इथे सवलत फार थोडी. घोटा मुरगळून चार महिने घरी बसलेला मुलगा नुसता थांबत नाही, मागे जातो. बाजारात भेटणारे विचारतात, "काय रे, कितवो नंबर इलो?" आणि त्याला सांगता येत नाही की चार महिने न खेळता तो दीडशे जागा खाली आलाय.

मग पैसा सुरू कुठे होतो? तर २५०च्या आसपास. हा आकडा मनात पक्का करा, सहाशेचा सोडून द्या. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीच्या पात्रता फेरीत १२८ जण घेतात. मुख्य ड्रॉतले शंभरेक वजा केले की पात्रतेची कट, म्हणजे आत घेतला जाणारा शेवटचा क्रमांक, साधारण सव्वादोनशे ते अडीचशेच्या दरम्यान येते. त्या दारातून आत गेलं की चित्र पालटतं. सुमित नागलचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, जगात दीडशेच्या आसपास, आणि त्याने जाहीर सांगितलं की बँकेत ९०० युरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये, उरलेत. त्या वर्षात तोवर २४ स्पर्धांत मिळून त्याला सुमारे ६५ लाख मिळाले होते. त्यातली सगळ्यात मोठी रक्कम होती अमेरिकन ओपनच्या पात्रतेत पहिल्याच फेरीत हरल्याची: २२,००० डॉलर. खर्च मात्र ८० लाख ते एक कोटी, तोही एकच प्रशिक्षक बरोबर घेऊन, फिजिओ नसताना. इंडियन ऑइलची नोकरी आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत होती म्हणून गाडी चालली. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता पार केली आणि पहिल्या फेरीत ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. १९८९ नंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय पुरुष. दुसऱ्या फेरीपर्यंतच्या या वाटचालीने त्याला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवून दिले, साधारण ९८ लाख. वर्षभराचा खर्च एका स्पर्धेत.

पुरुषांचा व्यावसायिक दौरा चालवणाऱ्या एटीपीनेही हाच आकडा धरला. २०२४ पासून पहिल्या २५० जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली. २०२४ साली ती अशी होती: पहिल्या शंभराला ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार. कमाई यापेक्षा कमी झाली तर फरक एटीपी भरते. २५१व्याला काही नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने (आयटीएफ) २०१३च्या आकड्यांवरून केलेल्या पाहणीतही पुरुषांचा ना-नफा-ना-तोटा क्रमांक ३३६ निघाला होता, तोही प्रशिक्षकाचा खर्च न धरता. पहिला गुण मिळवल्यापासून वर पोचायला चांगल्या खेळाडूलाही चार-पाच वर्षं लागतात. म्हणून तुमच्या मुलाचे प्रशिक्षक "सहाशेपर्यंत जाईल" म्हणतात ते खोटं नसेल, पण ते अर्ध्या वाटेचं तिकीट आहे. दोन वर्षांत पंचवीस लाख संपतील आणि मुलगा एकोणीस वर्षांचा, सहाशेवा, वाटेच्या मधोमध उभा असेल. खरी किंमत त्या दिवसापासून पुढे लागायची, आणि तेव्हा विकायला बाग नसेल.

तरी जगात सहाशेवे, सातशेवे शेकडो जण आहेत आणि ते उपाशी मरत नाहीत. ते कसे जगतात?

बरेच जण तिकडच्या उन्हाळ्यात जर्मनी, फ्रान्सच्या क्लबांकडून खेळतात. जर्मनीत क्लबांची लीग असते, बुंडेसलिगा आणि तिच्याखाली एकेक पायऱ्या, मुख्यतः मे ते ऑगस्ट. क्लब दर सामन्याचे पैसे देतो, राहायची सोय करतो, लहान मुलांना शिकवायला लावतो त्याचे वेगळे. सहाशेव्या खेळाडूचा वर्षातला भरवशाचा पैसा हाच. आपल्या दृष्टीने तर ते महिने सोयीचेच, कारण मिरगापासून गौरी-गणपतीपर्यंत आपल्याकडे कोर्टावर शेवाळ धरतं आणि छप्पर असलेलं कोर्ट किनारपट्टीवर शोधून मिळत नाही. अडचण व्हिसाची. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि क्लबकडून पैसे घ्यायचे तर कोणता व्हिसा लागेल ते क्लबलाच लेखी विचारा. नुसत्या स्पर्धांसाठी जायचं तर आणखी एक गोम आहे: स्पर्धेची प्रवेशिका साधारण अडीच आठवडे आधी बंद होते आणि व्हिसाचा अर्ज त्याच्या बऱ्याच आधी करावा लागतो. म्हणजे आपण खेळणार की नाही हे ठरायच्या आधी तिकीट, हॉटेल, विमा दाखवायचा. म्हणूनच मुलं ट्युनिशियातल्या मोनास्टिरला, इजिप्तमधल्या शर्म अल शेखला, तुर्कीतल्या अंताल्याला जाऊन महिना-महिना राहतात. एकाच रिसॉर्टवर आठवड्यामागून आठवडे स्पर्धा चालतात, तोच बुफे, तीच कोर्टं, तेच चेहरे. गणपतीत घरी नसणं आपल्या मुलांना जेवढं लागतं तेवढं हरणंही लागत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

बाकीचे श्रीमंत क्लबांत शिकवतात, वरच्या खेळाडूंना सरावाला भेटतात, दुहेरी खेळतात. दुहेरीला कमी लेखू नका. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात पहिला आला. एकेरीच्या आठवड्यातच दुहेरी खेळली तर खोलीचं भाडं तेच आणि हरल्यानंतरचे रिकामे दिवस तरी भरतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धांची प्रमाणपत्रं त्यात धरतात ते आत्ताच जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा आणि प्रत्येक कागद जपून ठेवा.

एक विषय पालक टाळतात, तो मी टाळणार नाही. खालच्या स्पर्धांचे थेट स्कोअर सट्टेवाल्यांपर्यंत पोचतात. एका सेटमध्ये दोन डबल फॉल्ट करायचे आणि बक्षिसाच्या कितीतरी पट पैसे, असा निरोप मोबाईलवर येतो, बहुधा ओळखीच्याच खेळाडूकडून. या प्रकाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीच्या २०१८च्या अहवालात खालच्या पातळीवरच्या परिस्थितीसाठी त्सुनामी हा शब्द आला होता. नियम कडक आहे: नुसतं नाही म्हणून भागत नाही, विचारणा झाल्याचं टेनिसमधल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या आयटीआयए या संस्थेला कळवावं लागतं. लपवलं तरी गुन्हा. टेनिसवर पैज लावायला खेळाडूला पूर्ण बंदी, गंमत म्हणून पन्नास रुपयांची सुद्धा. आणि हरल्यावर पैजा गमावलेल्यांच्या शिव्या इन्स्टाग्रामवर येतात, आईवरून, बहिणीवरून. सतरा वर्षांच्या मुलाशी हे तुम्ही बोललं पाहिजे. प्रशिक्षक बोलतीलच असं धरून चालू नका.

आता बाग न विकता काय करायचं ते. माझ्या मते तुमच्या मुलाचा रस्ता अमेरिकेतल्या कॉलेजातून जातो. तिथली विद्यापीठं टेनिसपटूंना शिष्यवृत्ती देतात, आणि चार वर्षं प्रशिक्षक, फिजिओ, जिम, प्रवास, तार हे सगळं त्यांच्या खर्चाने मिळतं. सगळ्यात मोलाचं म्हणजे रोज समोर तुल्यबळ भिडू. आपल्या किनाऱ्यावर नेमकं तेच नाही. रत्नागिरीत किंवा कुडाळमध्ये चौदाव्या वर्षानंतर मुलाला हरवणारं कोणी उरत नाही. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातून खेळला, २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएएचा, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा, एकेरीचा विजेता ठरला आणि त्यानंतर व्यावसायिक झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून आला. बावीस-तेविसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन व्यावसायिक टेनिसमध्ये उतरणं हा आता आडमार्ग राहिलेला नाही. तिथल्या कॉलेज क्रमवारीत वर असणाऱ्यांना चॅलेंजर स्पर्धांत, म्हणजे एम-१५च्या वरच्या पायऱ्यांवर, थेट जागाही देतात.

त्यासाठी बारावी नीट द्यायला हवी, आणि हेच मी तुम्हाला सगळ्यात जोर देऊन सांगतो. गुणपत्रिकेवर शिष्यवृत्तीची भर पडते. तिथले प्रशिक्षक ऐटाचा क्रमांक फारसा बघत नाहीत, यूटीआर नावाचं रेटिंग बघतात, ते प्रत्येक नोंदलेल्या सामन्यातून बनतं. तेव्हा मुलाचे सामने त्यात नोंदले जातायत का ते तपासा. सामन्याचा न कापलेला व्हिडिओ काढा. संगीत लावलेल्या, निवडक फटक्यांच्या रीलकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि पूर्णवेळ खेळण्यासाठी वर्षभर शिक्षण सोडण्याआधी तिथले नियम वाचा. बारावीनंतर किती महिन्यांत प्रवेश घ्यावा लागतो, आधी किती बक्षीस घेतलेलं चालतं, यावर बंधनं आहेत आणि ती बदलत असतात. ज्या विद्यापीठाशी बोलणं चालू असेल त्यांच्याकडूनच लेखी घ्या. मधल्या दलालाच्या शब्दावर जाऊ नका.

दरम्यान पुणे, मुंबई, सोलापूर, बंगळूर असं जिथे भारतात एम-१५ किंवा त्याच्या वरच्या पायरीच्या एम-२५ होतील तिथे त्याला खेळू द्या, पात्रता फेरीपासून. वर्षाला पाच-सहा लाख बाजूला काढता येत असतील तर तेवढेच काढा, आंब्याच्या त्या वर्षीच्या उत्पन्नातून. मोहोर गळाला तर त्या वर्षी स्पर्धा कमी. त्याला हे आकड्यांसह सांगा. घरातली मुलं पैशाबद्दल आपल्याला वाटतं त्याहून जास्त समजूतदार असतात, फक्त त्यांना कोणी हिशोब दाखवत नाही. प्रशिक्षकांनाही एक प्रश्न विचारा: पंचवीस लाखांतले तुमच्या अकादमीचे किती आणि स्पर्धांचे किती? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरून बरंच कळेल.

आणि धाकटीबद्दल. तुम्ही तिचं एका ओळीत उरकलंत, पण हिशोबाने बघाल तर तिची बाजू भावापेक्षा सरस आहे. त्याच पाहणीत २०१३ मध्ये व्यावसायिक स्पर्धा खेळणारे पुरुष साडेआठ हजारांच्या वर होते, बायका पाच हजारांहून कमी. गर्दी कमी. अमेरिकन कॉलेजांत सर्वोच्च विभागातल्या संघांना वर्षानुवर्षं पुरुष संघासाठी साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, महिला संघासाठी आठ. हे नियम अलीकडे बदललेत, तरी मुलींना तिथे मागणी आहेच. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची, टेक्सास ए अँड एममध्ये शिकली, आणि २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. महिलांच्या आयटीएफ स्पर्धा महाराष्ट्रात सोलापूरसारख्या ठिकाणीही होतात; पुढची जाहीर झाली की तिला घेऊन जा, खेळायला नाही, नुसती बघायला, पात्रता फेरीच्या दिवशी. तिकीट नसतं. तेरा वर्षांची आहे, अजून चार वर्षं हातात आहेत, आणि भावासाठी तुम्ही जी चौकशी आता करताय ती तिच्यासाठी आयतीच होते. फक्त तिला कोल्हापूरला पाठवायचं की नाही हे ठरवताना, भावाला ज्या वयात पाठवलंत तेच वय धरा.